डॅन्यूब ते नरसोबाची वाडी: एका युनिटचा प्रवास

दोन आकडे आधी शेजारी-शेजारी मांडू या. पहिला ७२ ग्रॅम. भोरडी या पक्ष्याचं वजन साधारण एवढं भरतं. दुसरा ५,३०० किलोमीटर. युरोपच्या आग्नेय टोकाला, रोमानियात, डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला मिळते, तिथपासून कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीपर्यंतचं, म्हणजेच नरसोबाच्या वाडीपर्यंतचं, हे सरळ रेषेतलं अंदाजे अंतर. त्या मुलखात अंड्यातून बाहेर आलेल्या भोरडीला कृष्णाकाठ गाठायचा, तर पहिल्या आकड्याच्या बळावर दुसरा आकडा पार करावा लागतो.

मे-जून महिन्यांत पश्चिम युरोपातले पक्षीप्रेमी वाटाड्या घेऊन रोमानिया-बल्गेरियाच्या सहलीला जातात. सुरुवात डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात होडीतून होते. ४,००० चौरस किलोमीटरहून मोठी ही पाणथळ जागा. १९९१ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे पक्ष्यांच्या ३०० हून अधिक जातींची नोंद आहे. झोळीवाले, बगळे, सुरय पाहून झाले की गाड्या दोब्रुजाच्या कोरड्या गवताळ माळावर जातात. मग दक्षिणेला ऱ्होडोपी आणि रिला पर्वत. रिलातलं मुसाला शिखर २,९२५ मीटर उंचीचं, अख्ख्या बाल्कनमध्ये सर्वात उंच. या सहलीत ज्यांच्यासाठी डोळे लावून बसावं लागतं अशा पक्ष्यांत एक गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा, तुरेवाला पक्षी असतो. एखाद्या वर्षी तो हजारोंनी उतरतो आणि एखाद्या वर्षी फिरकतही नाही. तीच आपली भोरडी. तिकडे तिच्या दर्शनासाठी लोक विमानाचं तिकीट काढतात. आपल्याकडे शाळूच्या रानात तिच्यासाठी माळ्यावर गोफण तयार असते.

सगळ्या भोरड्या युरोपातून येत नाहीत, हेही सांगायला हवं. या जातीचा मुलूख पश्चिमेला काळ्या समुद्रापासून पूर्वेला चीनच्या शिनजियांगपर्यंत पसरलेला आहे आणि त्याचा मोठा भाग कझाकस्तान व मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात मोडतो. तिथून वाडी ३,००० किलोमीटरच्या आसपास. डॅन्यूबकडची भोरडी या मुलखाच्या पश्चिम टोकाची, म्हणून सर्वात लांबची वाट तिच्या वाट्याला येते.

ही वाट इतर युरोपीय पक्ष्यांपेक्षा अगदी निराळी आहे. युरोपातून दर शरदात सुमारे २१० कोटी छोटे पक्षी आफ्रिकेकडे निघतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या प्रचंड लोंढ्याकडे पाठ फिरवून आग्नेयेला, भारताकडे वळणाऱ्या जाती मोजक्याच. भोरडी त्यांतली एक. काळ्या डोक्याचा भारीट दुसरा. तो आग्नेय युरोपापासून इराणपर्यंत घरटी करतो आणि हिवाळ्यात पश्चिम व मध्य भारतातल्या ज्वारी-बाजरीच्या रानात उतरतो. त्याचं वजन तर ३० ग्रॅमच्या घरात.

आठ वॅटचं इंजिन

एवढ्याशा देहाला हा प्रवास परवडतो कसा, याचं उत्तर भोरडीनेच दिलेलं आहे. जर्मनीतल्या झीवीझेन इथे पक्षी उडवून पाहण्यासाठी वाऱ्याचा बोगदा आहे. समोरून ठरावीक वेगाने वारा सोडायचा, पक्ष्याने त्यात जागच्या जागी उडत राहायचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात आठ भोरड्या पुन्हा पुन्हा, एका वेळी सलग सहा तास उडाल्या. वाऱ्याचा वेग सेकंदाला ९ ते १४ मीटर. म्हणजे एका दमात २०० ते ३०० किलोमीटर. वाडीहून पुणं गाठायचं अंतर याच हिशोबात बसतं, आणि तेही वाटेत न थांबता.

किती ऊर्जा जळली हे मोजायला शास्त्रज्ञांनी त्यांच्या शरीरात हायड्रोजन व ऑक्सिजनच्या जड समस्थानिकांचं पाणी सोडलं. हे जड अणू शरीरातून किती झपाट्याने कमी होतात ते पाहिलं की श्वासावाटे किती कार्बन डायऑक्साइड गेला हे कळतं, आणि त्यावरून ऊर्जेचा खर्च निघतो. तो निघाला सरासरी ८.१७ वॅट. घरातला लहान एलईडी दिवा एवढीच वीज घेतो. आणखी नवल असं की वेग ९ मीटर असो की १४, खर्चात फरक पडला नाही.

आता या आकड्यावरून पुढचं गणित आपणच करू. सेकंदाला ११ मीटर म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर. या वेगाने ५,३०० किलोमीटर कापायला १३२ तास पंख मारावे लागतात. १३२ तास गुणिले ८.१७ वॅट बरोबर १,०७८ वॅट-तास. विजेच्या बिलावर जे एक युनिट छापलेलं असतं ते १,००० वॅट-तासांचं. डॅन्यूबच्या मुखापासून कृष्णेच्या घाटापर्यंतचा भोरडीचा उडण्याचा खर्च एका युनिटाच्या आसपास भरतो.

हा खर्च किरकोळ वाटेल, पण तिच्या अंगाच्या मानाने तो अचाट आहे. एक ग्रॅम चरबी जाळली की सुमारे ३८ किलोज्यूल ऊर्जा मिळते. एका युनिटाहून थोड्या जास्त ऊर्जेसाठी शंभर ग्रॅमवर चरबी लागेल, आणि भोरडीचं अख्खं वजनच ७२ ग्रॅम. म्हणजे शिदोरी पाठीवर बांधून हा प्रवास होणं शक्यच नाही. तिला वाटेत उतरावंच लागतं, खावं लागतं, पुन्हा अंगावर चरबी चढवावी लागते. रोज सहा तास उडली तरी बावीस दिवस लागतात, आणि त्यातले विसाव्याचे दिवस वेगळे. नकाशावरची सरळ रेषा काळा समुद्र, इराणचं पठार आणि अरबी समुद्र ओलांडून येते. भोरड्या मात्र जमिनीच्या आधाराने, वायव्येकडून भारतात शिरतात. त्यामुळे खरं अंतर ५,३०० हून जास्तच. वाटेतलं प्रत्येक गवताळ माळरान, प्रत्येक पाणवठा या हिशोबातला एकेक मुक्काम आहे. त्यातला एक जरी नाहीसा झाला तरी पुढचा टप्पा तेवढा लांबतो.

अभ्यासातला आणखी एक आकडा पाहू. उडताना दर किलो वजनामागे ११४ वॅट. साठ किलोच्या माणसाने याच दराने ऊर्जा जाळायची ठरवली, तर ६,८४० वॅट म्हणजे नऊ एचपीहून जास्त. कृष्णेवर उसाला पाणी उपसणारी साडेसात एचपीची मोटर त्याहून लहान. आणि हे सलग सहा तास, दिवसामागून दिवस.

भोरडी पाच वर्षं जगली आणि दर वर्षी ये-जा केली, तर तिचे ५३,००० किलोमीटर होतात. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे.

पाच कोटी जोड्या आणि सात शेजारी

आता एकटी भोरडी सोडून थव्याकडे येऊ, कारण हा पक्षी एकटा राहतच नाही. दिवस कलला की नदीकाठच्या लव्हाळ्यात, पाणकणसात, बाभळीच्या बनात किंवा उसात रात्रीच्या मुक्कामाला जाण्याआधी लहान-लहान थवे एकत्र येतात आणि आकाशात एकच मोठा पट्टा वळत-आकसत राहतो. ससाणा झेपावला की तो क्षणात दाटतो आणि पुन्हा उलगडतो.

समजा थवा दहा हजारांचा आहे. एकूण वजन ७२० किलो. आदळाआदळ टाळायला प्रत्येकीने प्रत्येकीवर लक्ष ठेवायचं म्हटलं, तर जोड्या होतात ४,९९,९५,०००. जवळजवळ पाच कोटी. कुठलाही मेंदू हे पेलू शकणार नाही. मग हा थवा सावरतो कसा? रोमच्या आकाशातल्या युरोपीय मैनांच्या (स्टार्लिंगच्या), म्हणजे भोरडीच्या सख्ख्या नात्यातल्या पक्ष्यांच्या थव्यांची छायाचित्रं एकाच वेळी अनेक बाजूंनी घेऊन इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रत्येक पक्ष्याची जागा काढली. २००८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे पाहून वळतो. थवा दाट असो की विरळ, शेजारी तेवढेच. या चमूतले जॉर्जो पारिसी यांना गुंतागुंतीच्या व्यवस्थांवरील कामासाठी २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाच कोटी जोड्यांचं काम सत्तर हजार नात्यांत भागतं, आणि त्यात हुकूम सोडणारा म्होरक्या कुणीच नसतो.

टोळांचा हिशोब

याच दहा हजारांच्या थव्याचा उन्हाळा पाहा. भोरडीची वीण टोळ आणि नाकतोड्यांवर चालते. दगडांच्या ढिगांत, कड्यांच्या फटींत, खाणींत हजारोंची वसाहत बसते. अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंत जेमतेम दीड महिना. जिथे टोळ, तिथे वसाहत. टोळ संपले की वसाहत मोकळी. म्हणूनच युरोपातल्या सहलींना ती एका वर्षी भेटते आणि दुसऱ्या वर्षी भेटत नाही. शिनजियांगमध्ये टोळांवर औषध फवारण्याऐवजी भोरड्यांसाठी दगडांची घरटी बांधून दिली जातात.

विणीच्या काळात भोरडी दिवसाला शंभरावर टोळ खाते. शंभरच धरले तरी दहा हजार पक्षी दिवसाला दहा लाख टोळ उचलतात. चाळीस दिवसांत चार कोटी. हा आकडा किती मोठा? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या हिशोबाने वाळवंटी टोळांची एक चौरस किलोमीटरची धाड सुमारे चार कोटींची असते आणि ती एका दिवसात ३५,००० माणसांच्या अन्नाएवढं खाते. २०२० च्या मे महिन्यात अशाच धाडी अमरावती-नागपूरपर्यंत पोहोचल्या होत्या. भोरड्यांच्या विणीच्या मुलखातले टोळ वेगळ्या जातीचे, पण कामाचा आवाका यावरून कळतो. शिवाय यात पिल्लांचं खाणं धरलेलंच नाही.

बारा महिन्यांचा उतारा

शेवटचा हिशोब कॅलेंडरचा. जुलैअखेर-ऑगस्टात भोरड्यांचे पहिले थवे भारतात येतात आणि एप्रिलमध्ये शेवटचे निघतात. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने त्या इथे असतात. युरोप आणि मध्य आशियाच्या वाट्याला, प्रवास धरून, तीन-चार महिने. वीण तिकडची, पण राहणं इकडचं. हिवाळ्यात तिचा गुलाबी रंग मळकट दिसतो, कारण पिसांची टोकं राखाडी असतात. मार्चपर्यंत ती टोकं झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. त्या दिवसांत पळस किंवा पांगाऱ्याच्या फुलात चोच खुपसून वर आलेली भोरडी जवळून पाहा. कपाळावर परागांची पिवळी भुकटी असते, आणि तीच घेऊन ती पुढच्या झाडावर जाते. पळसमैना हे नाव तिला यावरूनच मिळालं. वड, पिंपळ, उंबराची फळं खाऊन त्यांचं बी दूरवर टाकणाऱ्या पक्ष्यांतही ती आहे.

शाळूवर थवा उतरला की शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि त्याने राखण करावी हे रास्तच आहे. पण नदीकाठचं लव्हाळं जाळून, बाभळी तोडून, पार पाण्यापर्यंत ऊस नेला, तर हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला रात्री टेकायला जागा उरणार नाही. काठावरचा तेवढा पट्टा राखणं ग्रामपंचायती आणि शेतकरी मिळून सहज करू शकतात.

आणि मोजणं हे तुम्हा-आम्हा सगळ्यांचं काम. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात वाडीला दर्शनाला आलात, तर सूर्यास्ताआधी अर्धा तास घाटावर थांबा. थव्यातले दहा पक्षी नीट मोजा, ते आकाशात किती जागा व्यापतात ते नजरेत धरा, त्या मापाने शंभर आणि मग हजार मोजा. तारीख, वेळ, जागा आणि अंदाजे संख्या लिहून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जिथे भोरडी वर्षातला सर्वाधिक काळ काढते, तिथल्या माणसांनी ती किती आहे हे मोजून ठेवलंच पाहिजे.