दूरस्थ जोडणीतील दोषांची चिकित्सा

कोल्हापूरची शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसविली. गुळाच्या व्यापाराने ती नावारूपास आली. त्या काळी पेढीचा हिशेब पाहावयाचा तर पेढीवरच जावे लागे. आज तो कार्यालयातील सर्व्हरवर असतो व घरूनही पाहता येतो. ही सोय किती निकडीची आहे हे २०२० च्या टाळेबंदीने, तसेच ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांनी दाखवून दिले. महामार्ग बंद पडला असता कार्यालयाचा दरवाजा जवळ असूनही दूर होतो. अशा वेळी व्ही. पी. एन. ही जोडणी उपयोगी पडते. परंतु पडद्यावर ‘जोडले गेले’ अशी अक्षरे उमटूनही खातेवही उघडत नाही, असा अनुभव पुष्कळांस येतो. याचे कारण असे की, जोडणीचे अनेक टप्पे असतात आणि ती अक्षरे त्यांपैकी एकाचीच ग्वाही देतात.

व्ही. पी. एन. म्हणजे लिफाफ्यात घातलेला दुसरा मोहोरबंद लिफाफा होय. बाहेरच्या लिफाफ्यावर कार्यालयाचा इंटरनेटवरील सार्वजनिक पत्ता असतो, आतल्यावर सर्व्हरचा खासगी पत्ता. म्हणून पहिला प्रश्न हा की, बाहेरचा लिफाफा पोहोचतो काय? कार्यालयात वीज व इंटरनेट चालू आहे काय, सार्वजनिक पत्ता बदलला आहे काय, पासवर्डाची वा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे काय, संगणकाचे घड्याळ चुकले आहे काय, हे क्रमाने पाहावे. कार्यालयाच्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या अंकांनी सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटून दिलेल्या व्यवस्थेचा असतो. बाहेरून त्यावर थेट दार ठोठावता येत नाही. तेव्हा सेवादात्याकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा.

दुसरा टप्पा अधिक फसवा आहे. ‘येथे’ या शब्दाचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे यावर ठरतो. खासगी पत्त्याचेही तसेच आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या संकेतानुसार कोणासही आपापल्या घरात वापरता येतात. समजा, सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे आणि घरच्या राउटरनेही १९२.१६८.१ हीच मालिका घेतली आहे. मग घरचा संगणक तो पत्ता आपल्याच घरातला समजून तेथेच शोधीत बसतो. संदेश बोगद्यात शिरतच नाही. यावर खरा उपाय म्हणजे कार्यालयासाठी सहसा कोणी न वापरणारी मालिका निवडणे.

मालिका भिन्न असूनही अडचण राहिली, तर सर्व्हर प्रथम अंकांनी व नंतर नावाने उघडून पाहावा. अंकांनी उघडतो व नावाने उघडत नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत आहे. दोन्ही रीतींनी उघडत नसेल, तर सर्व्हरची संरक्षक भिंत बोगद्यातून येणाऱ्यास परका मानीत नाही ना, हे तपासावे. लहान मजकूर येतो पण मोठी धारिका अडते, तेव्हा लिफाफ्याचे आकारमान संशयास्पद असते. सामान्य मर्यादा १५०० बाइट. बाहेरच्या वेष्टनाने त्यातील काही जागा व्यापते. ही मर्यादा १४०० वर आणून पाहावी.

घाईच्या वेळी सर्व्हरचे दारच इंटरनेटवर खुले करण्याचा मोह होतो. तो सर्वथा टाळावा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम धारिका वाटून घेण्याच्या अशाच उघड्या दारांतून जगभर पसरला. जोडणी बंद पडली तर एका दिवसाचे काम अडेल. हे दार उघडे राहिले तर सर्व वर्षांची खाती जातील.

सबब चाचणी पावसाळ्यापूर्वी, कार्यालयाबाहेरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून घ्यावी. आणि ‘जोडले गेले’ ही अक्षरे नव्हे, तर खातेवहीचे उघडलेले पान हाच तिचा पुरावा मानावा.