मनीमाऊ जखमी, बिल कुणाचं?

नखं कापताना मांजराच्या पंजाला जखम झाली, ऑपरेशननंतर कुत्रा लंगडायला लागला. पुढचा खर्च कुणी करायचा? 'डॉक्टरांनीच!' असं आपण पटकन म्हणतो. कायदा मात्र आधी विचारतो, निष्काळजीपणा झाला का? पुरेशी काळजी घेऊनही इजा झाली, तर भरपाई मिळणं अवघड. निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर मात्र ती मागता येते. संमतीपत्रावर सही केली म्हणून हा हक्क जात नाही.

फी देऊन घेतलेले उपचार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये येतात. उपचार छत्रपती संभाजीनगरला झाले असले, तरी तुम्ही जालन्यात राहत असाल तर तक्रार जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मुदत २ वर्षांची. उपचारांसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील, तर तक्रारीला शुल्क नाही. राज्य पशुवैद्यक परिषदेकडेही दाद मागता येते, पण तिथे चौकशी होते डॉक्टरांच्या वर्तनाची, भरपाई मिळत नाही.

म्हणून आधी डॉक्टरांशी शांतपणे बोला आणि कागद जमवा: केसपेपर, बिलं, एक्स-रे, फोटो, दुसऱ्या पशुवैद्यकाचं लेखी मत. रागाच्या भरात टाकलेल्या रीलला लाइक्स मिळतील, उपचाराचा खर्च नाही.