कीर्ति देशाची, खर्च कोणाचा?

परदेशच्या प्रदर्शनांत आपल्या देशाच्या चित्रकारास पारितोषिक मिळालें, कीं सर्वांची छाती फुगते. परंतु तीं चित्रें तेथपर्यंत कोणाच्या पैशानें पोंचलीं, हा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. चित्र काढणें हें कलावंताचें काम खरें. पण तें पेटाऱ्यांत भरून समुद्रापार धाडणें, त्याचा विमा उतरविणें, जकातीचे कागद पुरे करणें, मांडणीस कारागीर लावणें, परभाषेंत माहितीपत्रक छापणें, हीं सर्व कामें रोकड मागतात. माल उत्तम असून वाहतुकीस पैसा नसेल तर तो वखारींतच कुजतो, हें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नकोच. या बाबतींत जपाननें दीडशें वर्षांत जें केलें, तें विचार करण्याजोगें आहे.

१८७३ सालीं व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनांत मेइजी सरकार प्रथमच अधिकृतपणें उतरलें. त्या प्रदर्शनाच्या कागदपत्रांचें भाषांतर करितांना 'ललितकला' या अर्थाचा 'बिजुत्सु' हा शब्दच नव्यानें घडवावा लागला! पुढच्याच वर्षीं सरकारच्या पाठबळानें 'किरित्सु कोशो कैशा' ही कंपनी निघाली व तिनें जपानी कारागिरांच्या वस्तु युरोप-अमेरिकेच्या बाजारांत नेल्या. हेतु उघड व्यापाराचा होता, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु कला केवळ निर्यातीचा माल ठरली म्हणजे परक्या गिऱ्हाइकाची आवड हीच तिची धनीण होते. ही कंपनी १८९१ सालीं बंद पडली. कलेस कांहीं निराळा आधार पाहिजे, हा धडा मात्र मागें राहिला.

तो आधार दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. व्हेनिस येथें एक वर्षाआड भरणाऱ्या सुप्रसिद्ध प्रदर्शनांत जपाननें १९५२ सालीं अधिकृतपणें भाग घेतला. पण तेथें त्याची स्वतःची इमारत नव्हती. ती १९५६ सालीं झाली, आणि तिच्यासाठीं मोठी देणगी दिली ती शोजिरो इशिबाशी या कारखानदारानें. कुरुमे गांवीं 'ताबी' नांवाचें पायांत घालावयाचें कापडी वस्त्र शिवणाऱ्या घराण्यांतील हा पुरुष. पुढें त्यानें मोटारीच्या चाकांच्या धावा करण्याचा कारखाना काढला, आणि 'दगडी पूल' असा अर्थ असलेलें आपलें आडनांव इंग्रजींत उलटें करून त्यास 'ब्रिजस्टोन' हें नांव दिलें. त्याच १९५६ सालीं शिको मुनाकाता या ठसेकारास व्हेनिस येथें मुद्राचित्रांचें श्रेष्ठ पारितोषिक मिळालें. इमारतीनें कलावंत घडत नाहीं, हें खरें. पण इमारतीवांचून तो जगास दिसत नाहीं, हेंही तितकेंच खरें!

सरकारही स्वस्थ बसलें नाहीं. १९६७ सालापासून होतकरू कलावंतांस परदेशीं शिकण्यास धाडण्याची योजना सुरू झाली. १९७२ सालीं 'जपान फाउंडेशन' ही संस्था निघाली आणि पुढें व्हेनिसच्या दालनाची व्यवस्था तिच्याकडे आली. देणगीदारानें घर बांधावें व सरकारनें तें नेमानें चालवावें, अशी ही वांटणी झाली.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं. १९६६ सालीं यायोई कुसामा ही जपानी चित्रकर्त्री त्याच व्हेनिसमध्यें देशाची प्रतिनिधि म्हणून नव्हे, तर आपल्या हिमतीवर गेली. लुचिओ फोंताना या कलावंतानें तिला पैशाची मदत केली. हिरवळीवर सुमारें १५०० चकचकीत गोळे मांडून ती ते दोन-दोन डॉलरांस विकूं लागली, तेव्हां चालकांनीं ती विक्री बंद पाडली. तीच कुसामा १९९३ सालीं जपानच्या दालनांत एकटीच्या प्रदर्शनानें राष्ट्राची प्रतिनिधि झाली! मध्यें २७ वर्षें गेलीं. तितका धीर प्रत्येक कलावंताच्या अंगीं असतोच असें नाहीं; जे वाटेंतच खचले, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, साह्य देणें पुरेसें नाहीं. तें कोणास व कोणत्या वेळीं मिळतें, हाच खरा प्रश्न आहे. नांव झालेल्यास सर्वच हात देतात; नांव होण्यापूर्वीं दिलेला रुपया नंतरच्या शंभरांहून मोलाचा असतो. थैली एकाच हातीं असली म्हणजे निवडही एकाच डोळ्यानें होते; यास्तव सरकार, व्यापारी व निधिसंस्था यांच्या थैल्या निरनिराळ्या असाव्या, निवडणारे वेळोवेळीं बदलावे, आणि दिल्याघेतल्याचा हिशेब लोकांपुढें मांडावा.

"आधीं पोटाची भ्रांत, मग चित्रें," असें कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाहीं. पण युद्धानें बेचिराख झालेल्या जपाननें पोटाची व्यवस्था करीत असतांनाच ही वाट धरली, हें विसरतां येत नाहीं. आमच्या देशाचें राष्ट्रीय दालन व्हेनिसमध्यें २०११ सालीं झालें. तें पुन्हां दिसण्यास २०१९ साल उजाडावें लागलें. उत्साहाची आम्हांस उणीव नाहीं, सातत्याची आहे. मंदिरें व धर्मशाळा बांधणाऱ्या आमच्या श्रीमंतांनीं कुरुमेच्या त्या उद्योगपतीचें उदाहरण एकदां मनांत घोळवावें, एवढीच आमची विनंती आहे.