माळ्यावरच्या तबकड्या आणि नवं-जुनं स्टिरिओ

या मालेत आपण आतापर्यंत गाण्याबद्दल बोललो, आज गाणं ऐकण्याच्या यंत्रांबद्दल बोलायचं आहे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत असतो. घरात वडिलांच्या, आजोबांच्या तबकड्या आहेत, शे-दोनशे असतील, काही 78 च्या, बाकी एलपी. त्या पुन्हा ऐकायच्या आहेत. तर मग जुन्या बाजारातलं सत्तरच्या दशकातलं दणकट स्टिरिओ घ्यावं, की दुकानातलं नवं कोरं?

प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतंच. कारण ‘स्टिरिओ’ ही एक वस्तू नाही. सुई वेगळी, फिरवणारं यंत्र वेगळं, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे, आणि या चौघांचं म्हातारपण चार तऱ्हेचं असतं. शिवाय या सगळ्यात पुन्हा विकत मिळणार नाही अशी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तबकडी. अ‍ॅम्प्लिफायर जळला तर दुसरा आणता येतो. 1935 च्या सुमाराची एखादी तीन मिनिटांची बंदिश चुकीच्या सुईखाली गेली की ती खरवडलेलीच राहते. म्हणून आम्ही सुईपासून सुरुवात करतो.

सुई नेहमी नवी घ्यायची. इथे जुन्या-नव्याचा वादच नाही. हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1000 तास चालते. एलपीची एक बाजू 20 मिनिटांची धरली तर 500 तासांत सुमारे 1500 बाजू होतात. जुन्या प्लेअरवर बसलेली सुई किती तास चालली आहे हे विकणाऱ्याला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तो कशाला सांगेल? झिजलेल्या सुईला कडा येतात आणि त्या कडा खोबणीच्या भिंती तासत जातात. आवाज थोडा फाटल्यासारखा येतो, एवढंच आपल्याला कळतं. तबकडीचं काय झालं ते पुढच्या वेळी चांगली सुई लावल्यावर कळतं.

सुईचा भारही पाहायचा. चांगल्या टर्नटेबलवर तो दीड ते अडीच ग्रॅमच्या आसपास ठेवतात आणि हाताच्या मागच्या वजनाने तो कमी-जास्त करता येतो. हल्ली सुटकेसच्या आकाराचे देखणे नवे प्लेअर मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांत ही सोयच नसते आणि सुई चार-पाच ग्रॅमने किंवा त्याहूनही जास्त भाराने टेकते. दिवाणखान्यात शोभेला ठेवायला छान. वडिलांच्या एलपी त्यावर लावू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. किल्लीच्या ग्रामोफोनवर तर एलपी कधीच नाही, बरं का! त्याच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या पुढे जातो. तो 78 च्या लाखेच्या तबकड्यांसाठी होता, आणि त्यांनाही प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई लावायची पद्धत होती.

आता 78 चा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. एलपीची सुई टोकाला साधारण 25 मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक, 78 ची 75 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तिप्पट जाड. बारीक सुई जाड खोबणीत टाकली की ती तळाशी लोळते आणि तळातला सगळा केरकचरा वाजवते. लोक म्हणतात, ‘जुन्या रेकॉर्डींत खरखर असायचीच.’ असायची, पण एवढी नाही. सुई बदलून पाहा, खरखरीमागून तंबोरा वर येतो. दुसरी गोष्ट धुण्याची. एलपी स्वच्छ करण्यासाठी अल्कोहोल मिसळलेले द्रव मिळतात. 78 ची तबकडी लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिश करणाऱ्या कारागिराला विचारा, तो लाखदाणा स्पिरिटमध्येच भिजवतो. तेव्हा त्या तबकड्यांना तसलं काही लावायचं नाही.

फिरवणाऱ्या यंत्राकडे येऊ. इथे जुनं घ्यायला आमची हरकत नाही, उलट जुन्यात पुष्कळदा 78 चा वेग असतो आणि नव्यात तो बघून घ्यावा लागतो. टेक्निक्सचं एसएल-1200 हे याचं चांगलं उदाहरण. ते 1972 मध्ये आलं, 1979 ची दुसरी आवृत्ती जगभर गाजली, 2010 मध्ये उत्पादन थांबलं आणि 2016 मध्ये पुन्हा सुरू झालं. त्या गाजलेल्या दुसऱ्या आवृत्तीवर 33 आणि 45 एवढेच वेग होते, 2016 च्या नव्यावर 78 सुद्धा आहे. म्हणजे तबकड्या कोणत्या आहेत ते आधी मोजा, मग यंत्राकडे बघा.

पण जुन्यात एक खोच आहे. पुष्कळ जुन्या टर्नटेबलांची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, सौदी अरेबियातही 60 हर्ट्झ. जपानची तर गंमतच, व्होल्ट 100, पण पूर्व जपानात 50 हर्ट्झ आणि पश्चिम जपानात 60. नातेवाइकांनी परदेशातून आणलेलं यंत्र असेल तर दुकानदार म्हणतो, ‘साहेब, ट्रान्सफॉर्मर लावा, झालं काम.’ ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. 60 हर्ट्झसाठी बनलेलं असं यंत्र 50 वर लावलं की तबकडी 33⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस वेळा फिरते. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते आणि स्वर पेटीच्या तीन पट्ट्या खाली येतो. काळी पाचमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचमध्ये ऐकू येते, आवाज जाड, तान सुस्त. तिला कधी प्रत्यक्ष ऐकलं नसेल तर तिचा आवाज तसाच होता असं घरातली नवी पिढी धरून चालते! यावर उपाय आहेत, काही यंत्रांत 50 हर्ट्झची पुली बसवता येते, आणि क्वार्ट्झने वेग धरणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांना हा त्रासच नसतो. पण हे घेण्याआधी विचारायचं. यंत्राच्या मागच्या पट्टीवर हर्ट्झचा आकडा छापलेला असतो. तिथे ‘50/60’ असेल तरी पुली कोणती बसवली आहे ते बघावं.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत आम्ही थोडे जुन्याच्या बाजूने झुकतो, आणि त्याचं कारण ‘जुना आवाज उबदार असतो’ वगैरे नाही. तो उबदारपणा प्रत्येक जुन्या यंत्रात असतो असं नाही, आणि पुष्कळदा ती नुसती झिज असते. कारण बटणांचं आहे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असतं. स्टिरिओ तबकड्या 1957-58 पासून आल्या, त्याआधीचं सगळं मोनो. मोनो तबकडीत गाणं सुईच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत फक्त धूळ आणि झीज. मोनोचं बटण दाबलं की तो उभा भाग कटतो आणि खरखर बरीच उतरते. फुकटात! मग बास-ट्रेबलचे खटके. जुन्या 78 च्या तबकड्या एकाच नियमाने कापलेल्या नाहीत, त्यामुळे ट्रेबल थोडा मागेपुढे करायला लागतोच. नव्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरवर नुसता आवाजाचा एक खटका असतो आणि त्यालाच शुद्धता म्हणतात. आणि लाउडनेसचं बटण. आवाज कमी केला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं. फ्लॅटमध्ये रात्री अकराला हळू आवाजात ऐकणाऱ्याला डग्ग्याची घुमक मिळते ती याच बटणाने.

मात्र जुना अ‍ॅम्प्लिफायर घेणं म्हणजे दुरुस्तीवाला घेणं. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, उष्णतेने लवकर सुकतात, आणि मग गुणगुण सुरू होते. ही गुणगुण 50 नाहीतर 100 हर्ट्झची, म्हणजे पांढरी पाचच्या जराशी वर. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तबकडीवर ती तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधेच कुठेतरी लागते. तंबोरा सुरात नाही असं वाटतं आणि दोष बिचाऱ्या तंबोऱ्याला. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र घरी आणून थेट प्लगला लावू नये. आपले दुरुस्तीवाले सिरीज बल्ब लावतात ते फार शहाणपणाचं आहे. वायरच्या मधे 60-100 वॉटचा साधा तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. व्हॉल्व्हच्या यंत्रात स्वतः हात घालू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहतो. गावात विश्वासाचा दुरुस्तीवाला नसेल तर आमचं सांगणं सरळ आहे, नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. फक्त त्याला फोनो इनपुट आहे का ते बघा. चुंबकी कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट. फोनो नसेल तर वेगळा डबा लागतो.

वॉटच्या आकड्यांनी दबून जाऊ नका. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टेपरेकॉर्डरवर ‘1000 वॉट पीएमपीओ’ छापलेलं असायचं, त्याला काही अर्थ नव्हता. अमेरिकेत 1974 पासून होम अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट कसे मोजायचे याचा सरकारी नियम झाला, म्हणून त्यानंतरच्या तिकडच्या माहितीपत्रकांतले आकडे बरेच भरवशाचे. आणि खरा आकडा स्पीकरच्या मागे असतो. 92 डेसिबलच्या स्पीकरला 20 वॉट जे करतात तेच 85 डेसिबलच्या स्पीकरला करायला 100 वॉट लागतात.

स्पीकर आम्ही बहुधा नवेच सुचवतो. जुन्यांत कोनाभोवतीची कड फोमची असेल तर ती दहा-पंधरा-वीस वर्षांत भुगा होते, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत बोट लावलं तरी हातात येते. कड रबराची किंवा कापडाची असेल तर जुना स्पीकर जरूर ऐकावा. जाळी काढून बघायला दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जावं.

नव्यात एकाच डब्यात अ‍ॅम्प्लिफायर, ब्लूटूथ, इंटरनेट, सगळं मिळतं. सोयीचं आहे, पण त्यातलं अ‍ॅप कंपनीने बंद केलं की चांगला चाललेला अ‍ॅम्प्लिफायरही अर्धा मुका होतो. इंटरनेटचा डबा वेगळा ठेवला तर तेवढाच बदलता येतो.

ऐकून पाहायला जाताना आपली तबकडी न्या, पण लाडकी नको, घरात दोन प्रती आहेत अशी न्या. आलापीच्या जागा ऐका. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या लागतात का, लांबवलेला षड्ज थरथरतो का, डग्ग्यावरची मींड नुसती ‘धप्’ होते की खालपर्यंत घसरत जाते. आवाजाचा खटका सगळा फिरवून बघा, खरखरला तर ते साधं साफसफाईचं काम असतं, तेवढ्यावर भाव पाडता येतो. टर्नटेबल घरी आणताना सुईवर टोपी आणि हात बांधलेला हवा, चकती काढता येत असेल तर ती वेगळी गुंडाळा, आणि एसटीने येणार असाल तर डिकीत नाही, मांडीवर. तबकड्या धुण्याचं आणि उभ्या ठेवण्याचं पुढच्या वेळी पाहू.