भट्टीतला विजेचा रॉड

उज्जैनच्या कालभैरवाला भाविक मद्याचा नैवेद्य दाखवितात. पुजारी ते बशीत ओतून देवाच्या मुखाशी धरतो. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश शासनाने त्या नगरीतील मद्याची दुकाने बंद केली, नैवेद्य मात्र बंद केला नाही. श्रद्धेच्या बाबतीत कायदा इतका तारतम्य बाळगतो, तर आमच्या गोव्यातील काजूच्या भट्टीकडेही त्याने जरा डोळे उघडून पाहावे.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन लाभले. परंतु पारंपरिक भट्टीतले तांब्याचे भाण अद्याप लाकडांवरच तापते. धुराला कंटाळून कोणी भाणाला छिद्र पाडून त्यात विजेचा रॉड बसवू म्हणेल, तर त्यात नवल नाही. विचार वाईटही नाही. ५० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणण्यास ३ किलोवॅटच्या रॉडला सुमारे ८० मिनिटे लागतात. वीज ओढली जाते १३ अँपिअर. घरातल्या साध्या प्लगचे हे काम नव्हे! आणि आंबलेला रस म्हणजे काही पाणी नव्हे. त्यातला गाळ रॉडवर करपतो, तो वास थेट फेणीत उतरतो. रस आटून रॉड उघडा पडला की तो लालबुंद होतो. भोवती मद्यार्काची वाफ, फटीतून हवा मिळाली की भडका. अर्थिंग नसेल तर तांब्याच्या भाणाला लागलेला हात पुन्हा सुटेल याची शाश्वती कोणी द्यावी?

अबकारी खात्याने परवान्यासोबत वीज खात्याच्या तपासणीची अट घालावी, आणि ती तपासणी हंगामापूर्वी, प्रत्यक्ष भट्टीवर जाऊन व्हावी.