कॅचरचं सोन्यासारखं वर्ष पुन्हा येतं का?

२००९चा हंगाम. मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाचा २६ वर्षांचा कॅचर जो मावर पाठीच्या दुखण्यामुळे पहिला महिना बाहेर होता. तरीही त्याने २८ होमरन मारले, फलंदाजीत ०.३६५ची सरासरी गाठली आणि अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याआधी एका हंगामात त्याचे १३हून अधिक होमरन कधी झाले नव्हते. पुढच्या वर्षी ते ९वर आले आणि नंतरही कधी ११च्या पुढे गेले नाहीत.

मग त्याचा खेळ बिघडला का? मुळीच नाही. २०१०मध्येही त्याची सरासरी ०.३२७ होती. असामान्य वर्षात कौशल्याला नशिबाची साथ मिळते; एरवी कुंपणाजवळ झेल होणारे फटके पलीकडे पडतात. कौशल्य पुढच्या वर्षीही टिकतं, नशिबाची हमी नसते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत ते दाखवलं होतं.

कॅचरच्या बाबतीत शरीराची झीजही मोजावी लागते. यष्टीला चिकटून उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकासारखा तो प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो, सामन्यात शंभराहून अधिक वेळा. बॅटला चाटून आलेले चेंडू थेट मुखवट्यावर आदळतात. ऑगस्ट २०१३मध्ये अशाच आघातांनी मावरच्या मेंदूला इजा झाली आणि २०१४पासून तो कॅचरऐवजी पहिल्या बेसवर खेळू लागला. म्हणून तरुण कॅचरच्या होमरनपेक्षा मी आधी त्याची चेंडू पारखण्याची नजर पाहीन, आणि संघ त्याला विश्रांती किती देतो तेही.