मिठाला जागलेलं बिऱ्हाड

आमच्या खराडीत हल्ली निम्म्या बिल्डिंगा बाहेरगावच्यांच्या. आयटी पार्कातल्या नोकरीमागे नवरा येतो, नवऱ्यामागे बायको, आणि तिच्यामागे तुळशीची कुंडी नि लोणच्याच्या बरण्या! मीही अशीच नांदेडहून आले. म्हणूनच असेल, झाशीच्या राणीची गोष्ट वाचताना माझं लक्ष सारखं तिच्या आईकडे जातं.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव शरण गेले. वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरली, पण पुण्यात राहायचं नाही! पेशवे कानपूरजवळ बिठूरला गेले, धाकटे बंधू चिमाजीअप्पा काशीला. मिठाला जागणारी कितीतरी बिऱ्हाडं मागोमाग गेली. त्यात येवल्याचं टोपे कुटुंबही होतं, तात्या टोप्यांचं.

मोरोपंत तांबे काशीत चिमाजीअप्पांच्या पदरी होते. तिथंच भागीरथीबाईंना मुलगी झाली, मणिकर्णिका. नाव काशीच्या घाटाचंच. पोर लहान असतानाच आई गेली. चिमाजीअप्पाही वारले. मग मोरोपंत मनूला घेऊन बिठूरला बाजीरावांच्या आश्रयाला आले. वाड्यातल्या मुलांबरोबर ती घोड्यावर बसायला, तलवार चालवायला शिकली. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी तिचं लग्न झालं. नेवाळकरही मूळचे रत्नागिरीकडचेच! परमुलखातही सोयरीक आपल्या माणसांतच जुळली, बघा.

१८५१ मध्ये बाजीराव गेले आणि पेन्शन बंद झाली. १८५८ मध्ये झाशी पडल्यावर मोरोपंतांना इंग्रजांनी फाशी दिलं. जूनमध्ये ग्वाल्हेरला राणी पडली. दत्तक नातू दामोदरराव पुढे इंदुरात लहानशा पेन्शनीवर राहिले.

मोरोपंतांच्या निष्ठेचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण मैत्रिणींनो, परमुलखात चूल मांडणारी, तिथंच बाळंत होणारी आणि तिथंच डोळे मिटणारी भागीरथीबाई? इतिहासात तिची ओळख काय, तर राणीची आई. बस्स.

आपल्या घरातही अशी एखादी असतेच. दुष्काळात, बदलीत, नाहीतर धरणात गाव गेलं म्हणून नवऱ्यामागे निघालेली. मी सासूबाईंना विचारून त्यांच्या आजेसासूबाईंचं माहेरचं नाव, गाव वहीत लिहून घेतलंय. सासूबाई आधी हसल्या, "कशाला गं आता?" मग दुपारभर बोलत राहिल्या. तुम्हीही विचारा. सांगणारं माणूस घरात आहे, तोवरच!